मागाच्या जागी कोच

अहमदनगर,
ता. ३ फेब्रुवारी १९४७

प्रिय भगिनी हन्ना हिस डेव्हिडदादाचा सप्रेम सलाम, वि. वि.

देवाच्या दयेने येथे सर्व खुशाल. शमुवेल मास्तरांची व मुलांची खुशाली कळवावी.

येत्या शनिवारच्या मोटारीने अप्पांना राहुरीला पाठवतो आहे. महिनाभर ठेवून घे. हन्नाला तुमची फार आठवण येते, असं त्यांना सांगितलं आहे. ते खरंच असणार, तेव्हा मी खोटं बोललो असं मी मानत नाही. पण खरं कारण तुझ्यापुरतं ठेव. मार्चमध्ये खडकीची मंडळी आमच्या मेरीला पाहायला येणार आहेत. मुलगा तिथल्या कारखान्यात आहे, घरात विजेचे दिवे. अशांना आपल्या पुढच्या खोलीत बसवायचं कुठं?

हल्ली नगरात बैठकीची खोली कशी सजवतात ते तू येऊन बघच. सारवलेली जमीन आता कुणी ठेवत नाही. लाल सिमेंटचा कोबा करतात आणि तो इतका घोटतात की वाकलं तर तोंड दिसतं. भिंतींना चुना नाही, फिकट हिरवा रंग. दारांना झालरीचे पडदे, मधोमध तिवई, तिच्यावर विणलेला रुमाल आणि फुलदाणी. गोरे साहेब विलायतेला निघालेत, त्यांच्या बंगल्यांतलं सामान लिलावात निघतंय. मी एक कोच आणि दोन खुर्च्या मिळवल्या. कोचाला पाठीमागे भोक आहे, ती बाजू भिंतीकडे करू. तुझ्या दीनावहिनीने तर मासिकातलं एका दिवाणखान्याचं चित्र कापून पिठाच्या डब्यावर चिकटवलंय. भाकरी करताना तिचं लक्ष तिकडेच, म्हणून हल्ली आम्ही करपलेलं खातो.

अप्पांना यातलं काही कळू देऊ नकोस. परत येतील तेव्हा ते थक्क झाले पाहिजेत. मुलांना गोड पापे.

तुझा भाऊ,
डेव्हिड


राहुरी,
ता. १४ फेब्रुवारी १९४७

ती. दादास हन्नाचा सप्रेम सलाम, वि. वि.

अप्पा सुखरूप पोचले. वहिनीने दिलेले लाडू मुलांनी पहिल्याच दिवशी फस्त केले. ते मात्र करपले नव्हते, असं तिला सांग.

अप्पांचं इथे मन रमत नाही. ओसरीवर बसले की मागावर बसल्यासारखे त्यांचे पाय आपोआप खालीवर हलतात. शेजारच्या कडूबाईंनी तर मुंग्या चावतात का म्हणून विचारलं. मागावर अर्धं लुगडं सोडून आलेत, त्याची काळजी. ताण्याच्या उभ्या सुतावर फडकं टाकलंय का, उंदीर तर लागले नसतील, हेच दिवसातून चारदा. नजर अधू झाल्याने समोरचं माणूस नाव सांगेपर्यंत ओळखू येत नाही, पण आपल्या मागावर तुटलेला धागा बोटाला बरोबर सापडतो, असं काल मोठ्या अभिमानाने सांगत होते. दुसरं कुठलंच काम आता होत नाही, एवढंच उरलंय, असंही म्हणाले.

दादा, तुझा कोबा आणि कोच छानच होणार. पण एक विचारते. माग पुढच्याच खोलीत आहे आणि अप्पा ज्यात पाय सोडून बसतात तो खड्डा जमिनीत आहे. मग तू कोबा नेमका कुठवर करणार? मागाच्या अलीकडेच ना? उलट टपाली कळव.

तुझी बहीण,
हन्ना


अहमदनगर,
ता. २१ फेब्रुवारी १९४७

प्रिय हन्नास सलाम, वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी आलं. कोबा सोमवारी झाला.

छगन गवंडी दोनच दिवस मोकळा होता आणि सिमेंट परवान्यावर मोठ्या मिनतवारीने मिळालेलं. खड्डा मुरूम घालून बुजवला, वर कोबा केला. कोच त्याच जागी ठेवलाय, कारण खिडकीचा उजेड तिथेच पडतो. मागाचं लाकूड जुनं सागवानी, वाया कशाला घालवायचं, म्हणून सुताराने त्यातून तिवई आणि पडद्यांचे दांडे करून दिले. ताणा कापून काढावा लागला. अर्धं लुगडं वहिनीने पेटीत घडी करून ठेवलंय.

खरं सांगतो, मला वाटलं मी त्यांना विश्रांती देतोय. अडुसष्ट वर्षांचं वय. दर रविवारी देवळातून बाहेर पडताना कुणीतरी टोचतंच की कारकुनाचा बाप अजून धोटा फेकतो. तुझं पत्र वाचेपर्यंत त्यांच्याजवळ दुसरं काही उरलेलं नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं. पुन्हा खणावं म्हटलं, तर छगन म्हणतो सगळा कोबा तडकेल. सिमेंट परत मिळायचं नाही, आणि पाहुणे तीन आठवड्यांवर. दीना आणि मी एकमेकांकडे बघायचंही टाळतो.

तूच त्यांना हळूहळू सांग. तुझं ते ऐकतात. एवढं कर.

डेव्हिड


राहुरी,
ता. ३ मार्च १९४७

ती. दादास सलाम, वि. वि.

माझ्याने सांगवलं नाही. तीनदा सुरुवात केली. एकदा ते माझ्या मुलांना धोटा कसा फेकतात ते पळी घेऊन दाखवत होते. एकदा जेवत होते, जेवत्या माणसाला कसं सांगू? आणि तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं की हातातलं झालं की तुझं लुगडं लावतो, काठ कुठला हवा. मी हिरवा म्हणाले, दादा. मला दुसरं काही सुचलंच नाही.

इथे ओसरीत माग बसवता येईल का म्हणून मास्तरांनी शाळेच्या मंडळींना विचारलं. घर शाळेचं, जमीन खणता येणार नाही, असं उत्तर आलं. उद्या बदली झाली तर नवा मास्तर खड्ड्यात पडेल, असं एकजण हसून म्हणाला. मास्तर मान खाली घालून परत आले.

तुझा राग येतो, पण कुठल्या तोंडाने रागावू? तू खड्डा बुजवलास तेव्हा त्यांना इथे धरून ठेवलं होतं मीच. महिना भरायच्या आधीच ते आज सकाळच्या मोटारीने निघाले. थांबा म्हटलं, तर म्हणाले ताणा वाट बघतोय. हे पत्र मिळायच्या आधीच ते दारात असतील. त्यांना सांभाळ.

हन्ना


अहमदनगर,
ता. १८ मार्च १९४७

लाडकी लेक हन्ना हिला शलमोनचा सलाम. मी सांगतो तसं मेरी लिहितीया.

पोरी, मी खुशाल हाय. घरात पाय टाकला तर पाय सरकला. म्हनलं चुकून दुसऱ्याच्या घरात आलो, म्हनून भाईर येऊन हाका मारल्या. दीना रडायला लागली. तिला म्हनलं, रडू नगं, खोली लई नामी झालीया. झालीयाच तशी. डेव्हिड पुढं येऊन उभा ऱ्हातो. त्याला काय बोलू? त्यानं वाईट करायचं म्हनून केलं न्हाई. तुला बी ठावं हुतं, व्हय ना? असू दे. तू तरी कसं सांगशील.

बेस्तरवारी खडकीची मानसं आली. कोचावर बसली, कोब्याची तारीफ केली. मेरी पसंत पडली, सोयरीक ठरली. ही लिहिताना लाजतीया, पन लिही म्हनलं.

मी दाराजवळच्या खुर्चीवर हुतो. मुलाच्या बापानं इचारलं, आपन कुठले पाव्हणे. डेव्हिड मान खाली घालून तिवई सरकवाया लागला. पोरीचं जमलेलं बिघडाया नको, म्हनून मीच म्हनलं, राहुरीहून आलोय, लेकीकडनं. त्यांनी इचारलं, मुक्काम किती. मी म्हनलं, चार दिस.

हन्ना, ते चार दिस काल सरले. आता कुठं जाऊ ते कळव. माया असू दे.

तुझा बाप,
शलमोन