दोघंच जाऊन या

प्रिय आई,

'दोघंच जाऊन या, डोकी शांत होतील' म्हणून तुम्ही मागे लागलात आणि आम्ही आलो. माझं डोकं काही शांत झालेलं नाही. आज तिसरा राजवाडा पाहिला. सोन्याचा मुलामा दिलेली छतं बघून मान अवघडली, तरी पायाला भिंगरी लागल्यासारखी मी एका दालनातून दुसऱ्या दालनात सुटते. तुमचा लेक मागे राहून प्रत्येक पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. दारात थांबून त्याची वाट बघताना मला दर वेळी वाटतं, हा आलाच नाही तर?

राजाराणीची शेजघरं वेगळी होती, मध्ये एक दार. राणीने आतून कडी लावली की राजालाही ताटकळावं लागे, असं गाइडबाई म्हणाल्या. सगळे हसले. तुमचा लेकही हसला, मग माझ्याकडे बघून पुढची पाटी वाचायला लागला. गेलं वर्षभर तो बाहेरच्या खोलीत झोपतो. उशिरापर्यंत काम असतं, हे आमचं कारण तुम्ही मानून घेतलंत आणि त्याची चादर न बोलता धुवायला टाकत राहिलात. आम्ही भांडतो असं तुम्हाला वाटतं ना? भांडलो असतो तर बरं होतं. आम्ही चहा घेताना हवेबद्दल बोलतो.

दुपारी चर्चमध्ये गेलो. खांबाखांबावर देवदूत, रंगीत काचा, नक्षीवाचून बोटभर जागा नाही. बाकावर टेकले, पण मला बसवेना. उठायला लागले तर त्याने हात धरून खाली बसवलं. कित्येक महिन्यांनी हात धरला, आई. म्हणाला, "आता पुरे करू या. वेगळे होऊ." मी हो म्हटलं. रडू आलं, पण खोटं कशाला सांगू, हायसंही वाटलं. जरा वेळाने म्हणाला, "आईला तू सांग. तुझं ऐकते ती."

त्याची नोकरी गेली तेव्हाही तुम्हाला मीच सांगितलं होतं. हेही सांगते, हे शेवटचं. पण तेवढंच सांगायचं तर फोन पुरला असता. फोनवर तुम्ही रडाल आणि माझं राहूनच जाईल. मी शाळेत असतानाच माझी आई गेली. लग्नानंतर पहिल्यांदा ताप आला तेव्हा उशाशी तुम्ही बसला होतात, आणि औषध घेत नाही म्हणून रागावलाही होतात. तुम्ही लेकाची बाजू घ्या, मी रुसणार नाही. पण त्याला सोडताना तुम्हाला सोडायची माझी तयारी नाही. हे पत्र घरी आल्यावर तुमच्या हातात देईन आणि तुम्ही वाचेपर्यंत स्वयंपाकघरात उभी राहीन. मला हाक मारायची की नाही ते तुम्ही ठरवा, लेकाला विचारू नका.

तुमचीच