कोरं लायसन्स

११ फेब्रुवारी

ऑल्बनीहून आत्ताच आलो. उजव्या पायाची पोटरी अजून दुखतेय. इतका दाबला मी तो ॲक्सिलरेटर!

विधानभवनामागच्या आवारात ते यंत्र बसवलेली गाडी आणून ठेवली होती, आमदारांना दाखवायला. जे पुन्हापुन्हा वेगात पकडले जातात त्यांच्या गाडीत हे सक्तीने बसवायचं — एवढाच आमचा कायदा. कुठल्या रस्त्यावर किती वेग चालतो ते यंत्राला कळतं. त्याच्या फार वर ते गाडीला जाऊच देत नाही. आमदार कोणी खाली उतरले नाहीत. थंडी फार होती.

इव्हेट म्हणाली, "मग आपणच बसू या. वॉल्टर, तू बस." तिचा मुलगा ब्रुकलिनमध्ये सायकलवर असताना गाडीखाली गेला. अशीच माणसं गमावलेल्या आम्हा सगळ्यांना तिनेच गोळा केलंय. तिला नाही म्हणता येत नाही.

बसलो. शेजारी जेरी. मागच्या रस्त्याची वेगमर्यादा पंचवीस मैलांची. जेरी म्हणाला, "काय रे पाणीवाल्या, दाब की! आयुष्यात एकदा तरी!" मी पाणीखात्यात नमुने तपासायचो, तेव्हापासून हे नाव.

दाबला. गाडी जराशी घुरघुरली आणि तिथेच राहिली. आणखी दाबला. पार खाली टेकवला. काटा पुढे सरकेना. जेरी हसत होता, मग हसायचा थांबला. "पुरे, वॉल्टर," म्हणाला. मी दाबतच राहिलो.

वाचनालयासमोरचा रस्ता तीसचा आहे. माझ्या बायकोला, नोरीनला उडवलं तेव्हा डस्टिनची गाडी अठ्ठावन्नाने जात होती. ती रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून चालत होती. पट्ट्यांवरूनच!

१२ फेब्रुवारी

जेरीचे आभार मानायचे राहिले. जाता-येता गाडी त्यानेच चालवली. नोरीनचा धाकटा भाऊ. अख्खी नोकरी पोलिसात गेली, पण शवपेटी उचलताना सगळ्यांत आधी तोच ढासळला. तो नसता तर हा हिवाळा मी कसा काढला असता, माहीत नाही.

२० फेब्रुवारी

माझ्या वकीलबाईंचा फोन. डस्टिनचं लायसन्स कोरं आहे. दंडाचा एकही पॉइंट नाही!

त्या म्हणाल्या, "मिस्टर सोबचॅक, तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं. तुमचा कायदा गेल्या वर्षी असता, तरी त्याच्या गाडीला ते यंत्र बसलं नसतं."

दीड वर्षात अकरा पॉइंट झाले तर यंत्र. आमच्याकडे वेगाचे कॅमेरे नाहीत. पोलिसाने थांबवून पावती फाडली तरच पॉइंट लागतो. म्हणजे याची पावती कधी फाटलीच नाही? लोकांचे पोहण्याचे तलाव साफ करायच्या औषधाचे डबे मागे घेऊन तो गावभर फिरायचा. कसा फिरायचा ते अख्ख्या गल्लीने पाहिलंय.

जेरीला विचारलं. म्हणाला, "असतात असे. नशीबवान. सोड ते. कायदा पुढच्यांसाठी आहे, मागच्यांसाठी नाही."

६ मार्च

हे लिहावं की नाही, कळत नाही. लिहितो.

वकीलबाईंनी ऑफिसात बोलावलं. पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्यांच्या चित्रफिती त्यांनी मागवल्या होत्या, त्या आल्या. डस्टिनला थांबवलं होतं. पुन्हापुन्हा थांबवलं होतं! आणि प्रत्येक वेळी सोडलं होतं.

एका चित्रफितीत तो लायसन्ससोबत आणखी एक कार्ड पुढे करतो. पोलीस ते उलटं करून बघतो.

"जेरार्ड गॅफनी? अरे, हा माझा सार्जंट होता! कसा आहे म्हातारा?"

"मजेत आहेत."

"त्याला सांग, गुडघा कसा आहे म्हणून विचारलंय. आणि पोरा, जरा हळू. पंच्याहत्तरने जात होतास."

"हो सर."

"चल, पळ."

खरंच म्हणाला — पळ.

ते कार्ड कसलं, ते इथे सगळ्यांना ठाऊक असतं. पोलीस संघटना दर वर्षी आपल्या लोकांना देते, ते आपल्या घरच्यांना, मित्रांना वाटतात. दाखवलं की पावती फाडत नाहीत. मागे देणाऱ्याचं नाव आणि सही असते. सही जेरीची. चित्र थांबवून वकीलबाईंनी मोठं करून दाखवलं. त्याच्या 'जी'ची ती शेपटी मी ओळखतो.

७ मार्च

जेरीचा फोन तीनदा. घेतला नाही.

९ मार्च

जेरी स्वतःच आला. चर्चमधल्या मिसानंतर, बायकोने, कॅरलने दिलेला झिटी पास्त्याचा ट्रे हातात घेऊन. दारातच म्हणाला, "काय पाणीवाल्या, जिवंत आहेस ना?"

मी म्हणालो, "डस्टिनला कार्ड तू दिलंस?"

ट्रे हातातच राहिला. ठेवायला जागा शोधत होता. मी जागा करून दिली नाही.

"दिलं."

"तुझा कोण लागतो तो?"

"कोणी नाही. ओळखीच्या बाईचा मुलगा."

"कुठल्या बाईचा?"

"काय फरक पडतो, वॉल्टर?"

मी विचारलं, कधीपासून ठाऊक होतं? तो खाली बघत म्हणाला, "त्याच दिवशी. त्याच्या पाकिटात सापडलं. ड्युटीवरच्या पोराने मला फोन केला."

त्याच दिवशी! म्हणजे शवागारात माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ठाऊक होतं. ऑल्बनीच्या वाटेवर अंड्याचे रोल घेतले, तेव्हाही. त्या गाडीत माझ्या शेजारी बसून 'दाब की' म्हणाला, तेव्हाही ठाऊक होतं!

मी ओरडलो नाही. मला ओरडता येत नाही. ट्रे परत न्यायला सांगितला.

१७ मार्च

आज गावात आयरिश सणाची परेड. गेलो नाही. ढोल घरात ऐकू येत होते. खिडक्या लावून घेतल्या.

ओळखीची बाई. कॅरल बिचारी तीस वर्षं त्याला झिटी करून घालतेय.

२ एप्रिल

कायद्यावरची सुनावणी सहा मेला ठरली. बोलणाऱ्यांत माझं नाव आहे. इव्हेटला सांगितलं की मी कार्डाबद्दल बोलणार.

ती म्हणाली, "वॉल्टर, राजा, ते नको."

"का?"

"पोलीस संघटना आपल्या बाजूने उभी आहे. त्यांच्यामुळे चार मतं आली आहेत. तू कार्ड काढलंस की ती गेली."

"पण खरं तेच आहे. माझ्या बायकोच्या बाबतीत तुमचं यंत्र काही कामाचं नव्हतं. पॉइंट लागलेच नाहीत, तर यंत्र लागणार कुठून?"

"तुझ्या बायकोच्या बाबतीत," ती म्हणाली. "माझ्या आंद्रेला मारणाऱ्याचे पॉइंट भरून वाहत होते. त्याच्या गाडीत हे असतं तर माझा पोरगा आज पंचवीस वर्षांचा असता. तुझ्या खऱ्यापायी माझं बुडवू नकोस."

फोटो घेऊन ये म्हणाली. नोरीनचा. दोन मिनिटं बोल, रड, खाली उतर.

म्हणजे मी फोटो धरणारा!

३ एप्रिल

इव्हेटचं चूक नाही. तरी राग जात नाही.

२० एप्रिल

ईस्टर. चर्चला गेलो नाही, तिथे जेरी असणार. डबाबंद सूप गरम केलं. नोरीन असती तर म्हणाली असती, "ऊठ, दाढी कर, एकट्याने कुढत बसू नकोस." ती शाळेत नर्स होती. घरीही सगळ्यांना उठवून बसवायची.

तिच्याशी कधी कोणी खोटं वागलं नाही. माझ्याशी सगळे वागतात. कारण मी बोलत नाही.

२४ एप्रिल

जेरीला फोन केला. पाठीत वार करायचा नाही म्हणून. सांगितलं, सहा मेला मी कार्डाबद्दल बोलणार, आणि विचारलं तर नावही सांगणार.

म्हणाला, "सांग. पण माझंच सांग. दुसऱ्या कुणाचं काढू नकोस."

अजूनही त्या बाईला जपतोय!

६ मे

बोललो.

फोटो टेबलावर ठेवला. लिहून नेलं होतं ते वाचलं. म्हणालो — हा कायदा करा, जरूर करा. पण ज्यांच्या खिशात कार्ड आहे त्यांचं लायसन्स कोरंच राहील, आणि तुमचं यंत्र त्यांच्या गाडीपर्यंत कधी पोचणार नाही. माझ्या बायकोला मारणाऱ्याला पोलिसांनी पुन्हापुन्हा थांबवलं आणि कार्ड बघून सोडलं.

एका सेनेटरने विचारलं, "कार्ड देणाऱ्याचं नाव सांगाल?"

तिसऱ्या रांगेत जेरी बसला होता. एकटाच आला होता, अंत्यविधीचा सूट घालून. माझ्याकडेच बघत होता.

"जेरार्ड गॅफनी," मी म्हणालो. "माझा मेहुणा. माझ्या बायकोचा सख्खा भाऊ."

सभागृहात कोणीतरी 'देवा' म्हणालं. जेरी हलला नाही. उठून गेलाही नाही.

मतदान पुढे ढकललं. परतताना बसमध्ये इव्हेट पुढे बसली, मी मागे. माझ्याशी बोलली नाही.

८ मे

पेपरात त्याचा गणवेशातला फोटो. त्याच्या दारावर कोणीतरी लाल रंगाने 'खुनी' लिहिलं म्हणे.

कॅरलचा फोन आला. "झालं समाधान? आता तो घराबाहेर पडत नाही. त्याच्याच जुन्या मित्रांनी त्याला पिशवीभर अंडी मारली. खूश आहेस ना?"

मी फोन ठेवला. वाईट वाटलं का? नाही वाटलं. तसंच लिहून ठेवतो. त्याने मला सात महिने फसवलं.

१८ मे

दुकानात दुधाच्या फ्रिजपाशी एका बाईने हाक मारली. रोझॅन. डस्टिनची आई. नोरीनच्या शाळेत जेवण वाढायला होती, हे मला ठाऊकच नव्हतं. रडत होती. म्हणाली, "जेरीला कशाला हो बदनाम केलंत? तो तर नकोच म्हणत होता. पोराचं लायसन्स गेलं तर नोकरी जाईल म्हणून मी नोरीनपाशी रडले. ती भावाशी भांडली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः कार्ड आणून दिलं. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी म्हणालो, ठाऊक होतं.

आणि म्हणालो, दुसऱ्या कुणाला सांगू नका.