मावशींच्या मणक्यांचा फोटो

गुरुजी, तुमच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपल्या दवाखान्याच्या भिंतीवर एक्स-रे पाहायची दिव्याची पेटी बसवली. तुम्ही असता तर बसवू दिली नसती. हातांनी मणके बसवायची कायरोप्रॅक्टिकची विद्या शिकवताना तुम्ही मला एकदाच रागावलात, एका तरण्या विणकराला मी उगाच फोटो काढायला पाठवलं तेव्हा. "पडलाय का तो? ताप आहे? पाय बधिर झालेत? मग फोटोत काय बघणार आहेस? हात लाव आधी." आणि घाटाच्या पायरीवरून पडलेला पहिलवान आला, तेव्हा फोटो पाहिल्याशिवाय तुम्ही त्याच्या पाठीला बोटही लावलं नाही. मला दोन्ही समजलं होतं. तरी पेटी बसवली. उजेडात स्वतःचे मणके दिसले की माणूस गप्प होतो, म्हणू ते ऐकतो. खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या, शहरात कुणी फारसं मोजत नसलेल्या मला ते गप्प होणं आवडू लागलं होतं.

बालाजी घाटाजवळच्या मावशी तुम्हाला आठवतील. यजमान गेल्यावर साताऱ्याहून काशीवासाला आलेल्या, रोज पहाटे गंगास्नान. कंबर दुखते म्हणून आल्या, तर मी त्यांचा फोटो काढवून पेटीवर लावला आणि म्हटलं, "बघा, मणके किती झिजलेत. आता पायऱ्या बंद." त्या वयात कुणाच्याही फोटोत तेवढी झीज दिसते आणि ती दुखतेच असं नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. मावशींनी घाट सोडला. मी रोज पहाटे घाटावर स्नान-संध्या करून निघतो, त्यांच्या दारावरून जातो, आणि आत नळाचं पाणी बादलीत पडत असतं. तीन वर्षं ते ऐकत गेलो.

परवा दार वाजवलं. मावशींना उभ्यानेच सांगितलं की त्यांना काही झालं नव्हतं, मी उगाच घाबरवलं.

"मग त्या फोटोत काय होतं रे?"

"वय होतं, मावशी."

"ते मला फोटोवाचून ठाऊक होतं." त्यांनी नळाखालची बादली बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "काशीत येऊन नळाखाली न्हाले. साताऱ्यात काय नळ नव्हते?"

आज पहाटे मी त्यांना घाटावर नेलं. माझा हात त्यांनी धरला नाही, भिंतीच्या आधाराने उतरल्या. मी मागे कपडे घेऊन. पाण्यातून त्यांनी विचारलं, "तू नाही येत?" हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहितो. रोजचं स्नान झालं नव्हतं, तरी झालं म्हणालो. त्यांच्या शेजारी पाण्यात उतरायचा धीर झाला नाही.