माझ्यासाठी घंटा वाजवू नये

मी, दोबोश एतेल्का, वय वर्षे एकोणऐंशी, कै. दोबोश आम्ब्रुश यांची पत्नी, तिसाकोर्तेश गावच्या चर्चची घंटा बावन्न वर्षे वाजवणारी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरात, दिवसाउजेडी लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. भीती मात्र आहे, आणि ती लपवली तर हा कागद खोटा ठरेल.

१. राहते घर, मागची आलुबुखाराची झाडे आणि कोंबड्या माझ्या दिराची मुलगी विल्मा हिला. माझ्यामागे घंटेचा दोर हाती घ्यायचे तिने कबूल केले आहे. पश्चिमेकडचे छप्पर गळते, ते तिला माहीत आहे.

२. मुरंबा आटवायची तांब्याची कढई नणंद पिरोश्का हिला. माझ्या लग्नात ती चारचौघांत म्हणाली होती, "हिला धड कढई ढवळता येईना, ही घंटा काय ओढणार!" दरसाल तीच माझी कढई मागून नेते आणि न घासता परत पाठवते. आता आपली आपण घासावी.

३. आम्ब्रुशची सुतारकामाची हत्यारे बालिंट सुताराला. त्यातली मोठी पटाशी त्याला लगेच लागेल. कशासाठी, ते पुढे कळेल.

४. पाहुण्यांना दाखवण्यासारखे आमच्या गावात एकच आहे, घंटेचा मनोरा. सगळा ओकच्या लाकडाचा, एकही खिळा नाही. दारावर 'वारसा वास्तू' अशी सरकारी पाटी आहे. त्याचा नदीकडचा खांब पायाशी पोकळ आहे, आणि हे मी अकरा वर्षे जाणते. पाटी देणारे अधिकारी यायच्या आदल्या आठवड्यात आम्ब्रुशने ती पोकळी विटांच्या तुकड्यांनी आणि चुन्याने भरली, वरून डांबर फासले. डांबराची बादली मी धरली होती. "तोंड उघडू नकोस," तो म्हणाला. "खांब कुजलाय म्हटलं की घंटा उतरवतील. आणि उतरवलेली घंटा परत येत नसते." आमच्या आजोबांच्या काळात तोफा ओतायला धाकटी घंटा नेली होती, तिची जागा अजून रिकामी आहे. त्यामुळे आमच्या गावाला पडणाऱ्या घंटेपेक्षा उतरवलेल्या घंटेची धास्ती जास्त. मलाही तशीच होती.

आता दुसरी आहे. रोज बाराला दोराला पहिला हिसका दोन्ही हातांनी देते, मग एक हात खांबावर ठेवते. पूर्वी तो थरथरायचा, यंदा हलतो. डांबराच्या भेगेतून भुसा गळतो. पाहुणे वर चढायच्या आत मी तो झाडून टाकते आणि ते खाली उतरेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.

गेल्या उन्हाळ्यात गारांचा ढग आला. ढगावर घंटा वाजवली की तो नदीपार निघून जातो, म्हणून विल्मा आणि मी दोघी दोराला लागलो. खांब कण्हला.

"काकू, हा आवाज कसला?"

"म्हातारं लाकूड आहे, माझ्यासारखं कुरकुरतं. तू ओढ!"

मी पोरीशी खोटे बोलले. ढग गेला, लोकांनी कौतुकाने माझ्या हातात दारूचा पेला दिला, पण मी तो न पिता परत केला.

५. म्हणून माझ्यासाठी घंटा वाजवू नये. आमच्याकडे पुरुष गेला तर तीन खेपा, बाई गेली तर दोन. या दोनबद्दल मी जन्मभर कुरकुर केली आणि माझ्यासाठी तीन वाजवायचे वचन विल्माकडून घेतले. ते परत करते. एकही नको. सगळ्या गावाला मी वाजवून निरोप दिला, आणि मी मुकाट्याने जायचे, याचे फार वाईट वाटते.

६. वरचे कलम लिहून पेन खाली ठेवले आणि लगेच पुन्हा उचलले. मृत्युपत्र आमच्याकडे पाद्रीबुवांच्या कपाटात राहते आणि माती दिल्यावर उघडते. घंटा मात्र माणूस गेल्यावर तासाभरात वाजते. म्हणजे हा कागद कोणी वाचायच्या आत विल्मा त्या खांबाखाली उभी राहून माझ्या तीन खेपा ओढत असेल. तेव्हा मी मरायची वाट पाहू नये. साक्षीदारांनी सही करण्याआधी हे आत्ताच, माझ्यासमोर, मोठ्याने वाचावे.

सही: दोबोश एतेल्का
तिसाकोर्तेश, ९ सप्टेंबर २०१९

साक्षीदारांची नोंद: आम्ही हे सकाळी अकराला वाचले. नंतर तिघे मनोऱ्यात गेलो. बालिंटने पटाशी खांबाला, डांबराच्या वर, लावली, ती मुठीपर्यंत आत गेली. एतेल्काबाईंनी त्याच्याकडून सुरी मागून घेतली आणि दोर कापला.

बावन्न वर्षांत प्रथमच बाराला घंटा वाजली नाही. आम्ही बाईंच्या घरी सह्या करायला बसलो, तोवर फाटकाशी गाव जमले. बायकांनी काळे रुमाल बांधले होते. पिरोश्काबाई सर्वांच्या पुढे होत्या. "अगं वहिनी, माझ्याआधी गेलीस गं!"

बाईंनी दार उघडले. विल्मा धावत आली आणि त्यांना बिलगली.

"काकू! मग घंटा का नाही वाजली?"

"दोर कापलाय."

"कुणी?"

"मी. अकरा वर्षं उशिरा."

साक्षीदार:
१. गास्पार मिहाय, पाद्री (सही)
२. कोवाच बालिंट, सुतार (सही)