भोंग्याआधी कोण उठायचं?

प्रिय अप्पा,

उद्या कॉलेजातल्या चर्चासत्रात मी लोकांसमोर उभी राहून सांगणार आहे की तुमचं म्हणणं अर्धंच खरं होतं. हे तुम्हाला बाहेरून कळू नये, म्हणून लिहिते आहे.

हो, इतिहासाचं चर्चासत्र! टॉवेलच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून एम. ए. करते आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "इंजिनिअर हाईस की तू! मशीन बंद पडलं तर दुरुस्त हुतंय. होऊन गेलेलं कोण दुरुस्त करतंय?" दुरुस्त करायचं नाही, अप्पा. नीट बघायचं आहे.

पहिल्या शोधनिबंधाचा विषय मी तुमच्याकडूनच घेतला: गिरणीचा भोंगा. जेवायला बसलं की तुमचं ठरलेलं असायचं. "भोंगा झाला की अख्खं सोलापूर उठायचं. घड्याळ हुतं कुणाकडं? लई शिस्त!" तुम्ही सांगायचात, मी ऐकायची, आई भाकरी वाढायची.

निबंध मी कारखान्यातल्या तपासणी अहवालासारखा लिहिला. प्रास्ताविक, साधनं, निरीक्षणं, निष्कर्ष. प्रत्येक वाक्याला आधार. मार्गदर्शक बाईंनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "सगळं बरोबर आहे. पण तुझं म्हणणं काय?"

मी पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं. 'सोलापूरच्या जीवनात गिरणीच्या भोंग्याला महत्त्वाचं स्थान होतं.'

"याला नाही कोण म्हणेल?"

"कुणीच नाही," मी जरा अभिमानानेच म्हणाले.

"मग ही माहिती झाली. विधान नव्हे. ज्याला कुणीतरी नाही म्हणू शकेल आणि तरी तुला ते पुराव्याने टिकवता येईल, असं एक वाक्य आण. सगळा निबंध त्या वाक्याभोवती रचायचा. नसेल जमत तर यंदा राहू दे."

मला राग आला. आमच्याकडे ज्या अहवालाला कुणी नाही म्हणू शकत नाही, तोच चांगला अहवाल! हे कसलं शास्त्र?

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अख्खं सोलापूर भोंग्यानं उठायचं व्हय? मी तर उठलेली असायची की. भोंगा व्हायच्या आत पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, डबा बांधायचा. भोंगा वाजायचा तेव्हा तुझे अप्पा कूस बदलायचे."

"मग जेवताना कधी बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

अप्पा, एकदाही विचारलं नाहीत? इतक्या वेळा तीच गोष्ट सांगितलीत, आणि ती शेजारीच होती!

मग मी आपल्या जुन्या चाळीत गेले. गिरणीत तुमच्याबरोबर एकाच मागावर असलेल्या जोडीदाराच्या पत्नी, चंद्रक्का, अजून तिथंच राहतात. आणखीही काही जणींना भेटले. सगळ्यांचं उत्तर थोड्याफार फरकाने आईचंच. चंद्रक्का हसत म्हणाल्या, "भोंगा बाप्यांना होता गं. आमचा भोंगा आमच्या डोक्यात वाजायचा."

मी वाक्य लिहिलं: 'शहर भोंग्याने उठत नव्हतं; भोंग्याआधी बायका उठत होत्या.' आणि थांबले. कारण आता नाही म्हणणारं माणूस होतं. तुमचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू आला: "आन् त्या कुणाच्या धाकानं उठत हुत्या? भोंग्याच्याच की!"

मुद्दा बिनतोड होता. तुम्ही गेल्यावरही मला वादात हरवलंत!

मी वाक्य खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी हे उरलं: 'गिरणीच्या भोंग्याची सत्ता तो वाजल्यावर नव्हे, तर वाजण्याआधीच सुरू होत असे; आणि ज्यांना गिरणीने कधी पगार दिला नाही, त्या बायकांच्या श्रमांवर ती उभी होती.' यात तुम्ही आहात, आईही आहे. तुमच्याशी भांडल्याशिवाय हे वाक्य मला सुचलं नसतं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "आता याच्याशी भांडता येईल," म्हणाल्या आणि चर्चासत्राच्या यादीत माझं नाव घातलं.

पुढची रचना मग सोपी झाली. नको ती निरीक्षणं गळून पडली. त्यातली काही मला फार आवडायची, तरी काढली. फक्त तुमचं म्हणणं कुठं ठेवायचं, ते ठरेना. आधी शेवटी ठेवलं होतं, चटकन खोडून टाकता येईल असं. ते मलाच पटलं नाही. तुम्ही इतके सहज हरणारे नव्हता.

तेव्हा शब्द देते, अप्पा. उद्या तुमची बाजू मी सगळ्यात आधी मांडेन, तुम्ही मांडली असतीत तितक्याच जोरात, तुमच्याच शब्दांत. ती ऐकून लोकांना वाटलं पाहिजे, हा माणूस बरोबर आहे. त्यानंतरच मी माझं बोलेन. आई पहिल्या रांगेत बसणार आहे. कुणी उठून "पण बायकांचं हे कशावरून?" असं विचारलं, तर मी कागद चाळणार नाही. माइक घेऊन व्यासपीठावरून खाली जाईन आणि तिला विचारेन.

तुमची,
सुनीता