बंदुकीचा कारखाना इंदापूरला गेला

आबा, आपला बंदुकीचा कारखाना मी विकला. तो आता बारामतीत नाही, इंदापूरच्या पलीकडं माळावर आहे. नव्वदच्या दशकातली गोष्ट ही, त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण तुम्हाला सांगायची राहून गेली. आई होती तोवर संध्याकाळी तिच्याशी बोलताना तुमच्याशीच बोलल्यासारखं व्हायचं. आता तीही नाही, आणि माझे गुडघे धरलेत. आज सकाळपासून काहीच करावंसं वाटेना, म्हणून कागद घेऊन बसले.

आपण त्याला कारखाना म्हणायचो, पण होत्या त्या पत्र्याच्या दोन खोल्या आणि मागं मोकळं अंगण. तुम्ही नळीचं आणि घोड्याचं काम बघायचा, लेथवर एक कारागीर, आणि लाकडी दस्ते करायला चाचा. एकनळी, दुनळी, बारा बोअरच्या बंदुका. पिकाच्या राखणीचा परवाना मिळालेली माणसं सुप्याकडून, बावड्याकडून यायची. पावसाळ्यात अंगणातली शेगडी विझायची, मग गंज लागू नये म्हणून नळ्या काळ्या करायचं काम तुम्ही सरळ स्वयंपाकघरात आणायचा. चुलीवर लांबट पत्र्याचा डबा, त्यात औषधाचं उकळतं पाणी, आणि आई पदर नाकाला लावून दारात उभी. एक दिवस मी हेच ताटात वाढीन, असं ती म्हणायची. तुमच्या डाव्या कानाला बार काढून काढून ऐकू येत नव्हतं, आणि ती मुद्दाम त्या बाजूनं बोलायची. दस्त्यात जवसाचं तेल मुरवायचं काम माझं. तळहातानं चोळत राहायचं, लाकूड गरम लागेपर्यंत. घरातली माणसं चटणी कोरडी खातात आणि लाकडं तेल पितात, हेही आईचंच म्हणणं. अक्रोडाच्या उरल्या तुकड्याचं एक लाटणं तुम्ही मला करून दिलं होतं. अजून पोळ्या त्यानंच लाटते.

पण मला जास्त आठवतो तो बावड्याकडचा माणूस. मी कॉलेजात होते तेव्हा. त्याच्या बंदुकीच्या घोड्याची कमान तुटली होती, म्हणून दुरुस्तीला टाकून गेला. टाकताना तो सहज बोलावं तसं बोलला, की भावानं पाटाचं पाणी तोडलंय, आणि हातभर बांध कोरलाय. दोन दिवसांत कमान बसवून झाली. तो न्यायला आला तेव्हा बंदूक आत खुंटीला टांगलेली होती, आणि तुम्ही बाहेर येऊन सांगितलंत की अजून झाली नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं तुम्ही विसरताय, म्हणून मी त्याच्यादेखत म्हणाले, आबा, ती तर झालीय. तुम्ही वळून माझ्याकडं बघितलंत. तसं तुम्ही माझ्याकडं ना त्याआधी बघितलं होतं, ना नंतर.

तो माणूस भडकला, ठाण्यावर गेला, बंदूक चोरली म्हणून तक्रार दिली. फौजदार आला. तुम्ही बंदूक त्याच्या हातात दिलीत आणि का दिली नव्हती तेही सांगितलंत. फौजदारानं बंदूक ठाण्यात जमा करून घेतली, पण तक्रार झाली म्हटल्यावर चौकशी आली, आणि चौकशी संपेपर्यंत आपल्या दाराला सील लागलं. सगळा उन्हाळा गेला त्यात. लेथवाला सोमेश्वरनगरला साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागला. चाचा घरोघर खाटा दुरुस्त करत फिरायचे. सील निघाल्यावर दोघंही परत आले, पण त्या उन्हाळ्यात मी तुमच्यावर चिडले होते. लोक भांडतात, बोलतात, त्यावरून कुणी आपला धंदा बसवतं का, असं मी विचारलं. तुम्ही जेवत होता. घास खाली ठेवलात.

"त्याच्या डोळ्यात तू बघितलंस का?"

मी म्हटलं, नाही.

"मी बघितलं," म्हणालात, आणि पुन्हा जेवायला लागलात. त्यावर आपण कधी बोललो नाही.

तुम्ही गेल्यावर परवाना वारस म्हणून माझ्या नावावर झाला. दुसरं कुणी नव्हतंच. कचेरीत दरवेळी कुणीतरी विचारायचं, बाई, घरात पुरुष माणूस नाही का. सुरुवातीला राग यायचा, मग मी नुसती मान हलवायला लागले. शिकारीचं वेड असलेली जुनी गिऱ्हाइकं कायद्यानं शिकार बंद झाली तेव्हाच गेली होती. राखणीचे नवे परवाने निघेनात. निवडणूक लागली की लोकांच्या बंदुका ठाण्यात जमा, आणि आपलं काम ठप्प. नूतनीकरणासाठी पुण्याला हेलपाटे, तपासणी, पुन्हा हेलपाटे. आणि गाव वाढत वाढत आपल्यापर्यंत आलं. तुम्ही जागा घेतलीत तेव्हा मागं बाभळी होत्या. आता तिथं बंगले झाले, आणि अंगणाच्या भिंतीला लागून बालवाडी. नव्या नळीत जास्तीची दारू भरून, बंदूक लाकडी घोडीला बांधून, भिंतीआडून दोरी ओढून बार काढायचा हे आपल्या कामातलं शेवटचं पाऊल. त्याशिवाय बंदूक बाहेर जात नाही. बार निघाला की पलीकडं पोरं रडायची. मी शाळा सुटल्यावर बार काढायला लागले. तरी अर्ज झाले, आणि वरून कळवलं की वस्तीत चाचणी करता येणार नाही, जागा बदला. पोरांची चूक नव्हती. कुणाचीच नव्हती.

माझ्याकडं दुसरी जागा नव्हती, आणि नव्यानं काही उभारायचं बळही नव्हतं. विकायचं ठरवलं. दोघंतिघं येऊन गेले, त्यांना फक्त परवाना हवा होता, माणसं नको होती. मग एके दुपारी एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, इंदापूरला पंप आणि इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप चालवणारे. चहा घेतला, सगळं बघितलं, चाचांच्या हातातला दस्ता मागून घेऊन उलटापालटा केला. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडलांनी शेती धरली, असं सांगत होते. मग आतल्या खोलीतल्या खुंट्यांकडं बघत राहिले.

"माझ्या बापाची बंदूक हितंच टांगली व्हती," ते म्हणाले. "आमी बावड्याचं."

मला वाटलं, हा माणूस हिशेब चुकता करायला आलाय. मी उठून दारापाशी जाऊन उभी राहिले, लेथवाला हाकेच्या अंतरावर असावा म्हणून. ते तसेच बसून होते. त्यांनी सांगितलं की तो उन्हाळा घरात फार वाईट गेला. बाप रात्ररात्र ओट्यावर बसून राहायचा. पावसाळा आला, पेरण्या झाल्या, मग एकदा चुलता आजारी पडला आणि बापच त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला.

"बाप मरंपर्यंत तुमच्या आबांना शिव्या द्यायचा," ते म्हणाले. "पण ती बंदूक सोडवून आणायला ठाण्यावर कवाच गेला न्हाय. चुलता अजून हाय. माझ्या पोरीच्या लग्नात मामाच्या जागी त्योच उभा ऱ्हायला."

मी खाली बसले. आबा, तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही. तो उन्हाळा तुम्ही फुकट गेला असं धरूनच गेलात, निदान मला तसं वाटतं. मला त्या क्षणी तुमचा अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही असेल, पण आधी आली ती दमणूक. इतकी वर्षं मी तुमच्याविषयी मनात जे धरून होते ते एकदम कुठंतरी ठेवावं लागलं, आणि ठेवायला जागा सापडेना.

व्यवहार ठरला. नळीवरचा शिक्का तोच राहील, तुमचं नाव तेच राहील, हे त्यांनी मी न मागता सांगितलं. लेथवाला जायला तयार होता, त्याची सासुरवाडीच तिकडची. चाचांना सांगायला मी त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर कानस पुसत बसले होते. म्हणाले, "मी न्हाय येत बाय. ह्या वयात नवी खिडकी कुठं शोधू?" मी त्यांचं मन वळवायला गेले नाही. दस्त्याचं काम सकाळच्या उजेडावर चालतं, आणि त्यांच्या बाकड्याशेजारची पूर्वेची खिडकी ही निम्मी त्यांची नजर होती हे मला ठाऊक होतं. नव्या मालकांना मी तेवढंच कळवलं. आठवड्याभरानं ते चाचांना मोटरसायकलवर मागं बसवून माळावर घेऊन गेले, शेडची भिंत अर्धी चढली होती तिथं, आणि गवंड्याला म्हणाले, हे सांगतील तिथं खिडकी सोडा. चाचा संध्याकाळी परत आले ते दस्त्यांच्या आकाराचे जुने फर्मे बांधायलाच बसले. पुढं डोळे साथ देत होते तोवर ते एसटीनं जात राहिले. शुक्रवारी नमाजाला बारामतीत, बाकीचे दिवस तिकडं. मग एक दिवस त्यांनी हत्यारं तिथल्याच एका सुतारकाम जाणणाऱ्या तरुणाला दिली आणि घरी बसले.

सामान हलवलं त्या दिवशी टेम्पोत हवालदार बसलेला, कारण तयार बंदुका होत्या. लेथ उचलताना साखळी करकरते आहे, शेजारच्या बंगल्यातल्या बायका गच्चीवर उभ्या आहेत, आणि लेथच्या खालची जमीन तेल पिऊन काळी पडलेली, तिच्याकडं मी बघते आहे. बालवाडीच्या बाईंनी मला चहा आणून दिला. त्यांच्या चेहऱ्यावर संकोच होता. मी त्यांना म्हटलं, बरं झालं, पोरं आता झोपतील दुपारची.

माळावर पहिली बंदूक तयार झाली तेव्हा नव्या मालकांनी मला बोलावलं. उघडा माळ, लांबवर उसाचा हिरवा पट्टा, आणि वारा असा की पदर सावरावा लागे. दोरी तुम्ही ओढा, म्हणाले. मी नको म्हटलं, मग त्यांनीच ओढली. आपल्या अंगणात बार भिंतींवर आपटून छातीत बसायचा. तिथं तो नुसता निघाला आणि माळावर पसरून गेला. चाचांनी नळी हातात घेऊन आतून-बाहेरून बघितली, चीर नव्हती. मालकांच्या घरच्या बाईंनी मला जेवायला वाढलं, ओटी भरली. नंतरच्या वर्षांत तिथंही काम कमीच होत गेलं म्हणतात, आता बहुतेक दुरुस्त्याच येतात. पण चालू आहे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. लिहून झालं की जवळ ठेवीन, किंवा ठेवणारही नाही. फक्त एक राहिलं. त्या दिवशी इंदापूरच्या स्टँडवरून बारामतीची गाडी धरली तेव्हा मला वाटत होतं की खिडकीशी बसून मी रडेन. तुमचं सगळं आयुष्य त्या माळावर ठेवून मी रिकाम्या हातानं परत चालले होते, रडायला हवं होतं. वाटेतलं निमगाव कधी आलं मला कळलं नाही. बारामतीच्या स्टँडवर गाडी रिकामी झाली तरी मी बसलेलीच, शेवटी कंडक्टरनं बाकावर वाजवून मला उठवलं. आबा, तुम्ही गेल्यापासून इतकी गाढ झोप मला कधी लागली नव्हती.