भोपळ्याचं सूप आणि तुझी चिमूट

ती. काकूस,

बोट हलत असताना जमेल तितका सरळ नमस्कार. तुझे गुडघे आणि काकांचा खोकला (दोन्ही जुने) कसे आहेत, ते कळव. मी उत्तम आहे.

आमचं स्वयंपाकघर बोटीच्या पोटात आहे. खिडकी नाही, त्यामुळे चार महिन्यांत समुद्र मोजून सहा वेळा पाहिला. बटाटे मात्र रोज पाहतो. (सोलतो. माझ्याइतकं पातळ साल इथे कुणाचं निघत नाही.) अशा माणसाला बटाट्यांत किती दिवस ठेवणार? गेल्या आठवड्यात सूपवाला आजारी पडला आणि तू करताना पाहिलेलं भोपळ्याचं सूप मी कर्मचाऱ्यांसाठी केलं. मोठ्या आचाऱ्याने दोन वाट्या घेतल्या. म्हणाला, हेच प्रवाशांना कर. जमलं तर सूप विभागात कायम, नाही तर बटाटे आहेतच.

प्रवासी चोवीसशे. तू चार माणसांना चिमूटभर मिरपूड घालतेस, म्हणजे सहाशे चिमटी. गणित माझं पहिल्यापासून पक्कं. तीनशे मी घातल्या, तीनशे मटण कापणाऱ्याने. (त्याच्या एका चिमटीत माझ्या चार मावतात, हे नंतर लक्षात आलं.) मोठ्या आचाऱ्याने चमचाभर चाखलं आणि तो बराच वेळ बर्फाच्या खोलीत जाऊन उभा राहिला. आता महिनाअखेरीला शेवटची संधी आहे, पण जिन्नस ग्रॅममध्ये लिहून भिंतीवर लावायचे. मी मुळीच घाबरलेलो नाही.

तुझा,
(लवकरच सूपवाला) पुतण्या

ता. क. चिमूट, मूठ आणि 'अंदाजाने' यांचं सोनाराच्या काट्यावर वजन करून ताबडतोब कळव. फोन नको, पत्र, तेही काकांच्या अक्षरात. त्याचं असं झालं, मोठा आचारी म्हणाला, "काकूलाच फोन लाव, मी विचारतो." तू पडलीस खरं बोलणारी. घरी मी कधी गॅससुद्धा पेटवला नाही, हे तू पहिल्याच वाक्यात सांगितलं असतंस. म्हणून मी तू गेलीस असं सांगितलं. (आणि तुझी पाककृतींची वही काकांकडे आहे, असंही.) त्याने टोपी काढली, सगळं स्वयंपाकघर मिनिटभर उभं राहिलं. मला खरंच रडू आलं, काकू. तुझी फार आठवण येते.

ता. क. दुसरा. पुढच्या महिन्यात बोट आपल्या बंदराला लागतेय. मोठ्या आचाऱ्याला काकांचं सांत्वन करायला घरी यायचंय. त्या दिवशी तू माहेरी जा. जाताना सूप तेवढं करून ठेव. मी केलं म्हणून सांगेन.